बीएससी पब्लिक हेल्थ: तीन वर्षं काढली, ५ पैकी साडेतीन स्टार

कॉलेजचं नाव लिहिणार नाही कारण माझं ट्रान्सक्रिप्ट अजून त्यांच्याच कपाटात आहे. प्रायव्हेट कॉलेज, तीन वर्षांची डिग्री, फी वर्षाला ७०,००० आणि वर परीक्षा फी, ॲप्रन, फील्ड व्हिजिटच्या बसचं भाडं असं सगळं वेगळं. बारावीनंतर नीटचा स्कोअर जो यायचा तो आला (म्हणजे आला नाही), आणि मग घरी जी माहितीपत्रकं येऊन पडली त्यात या कोर्सचं सगळ्यात चकचकीत होतं, कव्हरवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली हसरी मुलगी. तीन वर्षांत मी स्टेथोस्कोपला हात लावलेला नाही. पहिला अर्धा स्टार तिथेच कट.

आजी अजून बिल्डिंगमध्ये सांगते की नातू डॉक्टरकी शिकतोय, मग खालच्या काकू जिन्यात गाठून गुडघ्याला कुठली गोळी घेऊ विचारतात. मी गोळी सांगत नाही, मी विचारतो काकू तुमच्या पाण्याच्या टाकीला झाकण आहे का. आता त्या लिफ्टने जातात.

पण शिकवलं काय ते सांगतो, कारण तिथे मात्र पैसे वसूल झाले. पहिल्या सेमिस्टरला एपिडेमिऑलॉजी, म्हणजे साथरोगशास्त्र. मॅडमनी सुरुवात केली लंडनच्या जॉन स्नोने, १८५४ चा कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटचा पंप, नकाशावर मृत्यू मांडले आणि पंपाचा दांडा काढायला लावला, हे तर सगळीकडेच सांगतात. मग त्या म्हणाल्या आता आपल्याकडे या, १८९७. त्या एका वर्षात हाफकिनने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, जूनमध्ये पुण्यात चापेकरांनी प्लेगसाठी घरोघरी झडत्या घ्यायला लावणाऱ्या रँडला गोळी घातली, आणि फेब्रुवारीत आलेला साथरोग कायदा तोच, जो २०२० मध्ये आपल्या सगळ्यांवर लागू झाला. मी हे सगळं शाळेत वेगवेगळ्या धड्यांत पाठ केलं होतं, पण ही एकाच आजाराची गोष्ट आहे आणि लोकांच्या घरात घुसून झडत्या घेतल्या की साथ आटोक्यात येण्याऐवजी लोक पेशंट लपवायला लागतात, हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. वर्गात मागच्या बाकावरचे पण गप्प होते, आमच्या वर्गात हे नोंद घेण्यासारखं आहे.

दुसरं म्हणजे फील्ड. वर्षातून दोनदा गावात नेतात, हे आमच्यापेक्षा महागड्या कॉलेजातही सगळीकडे नसतं म्हणे. अंगणवाडीत सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांचा दंडघेर मोजायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्ये रंगीत पट्ट्यांची टेप लावायची, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला की तीव्र कुपोषण. ऐकायला सोपं आहे. पोरगं रडत असतं, दंड आखडून घेतं, टेप जरा ओढली की ते लाल पट्ट्यात जातं आणि जरा सैल सोडली की पिवळ्यात, म्हणजे तुमच्या बोटांवर ठरतंय त्याचं नाव कुठल्या यादीत जाणार. अंगणवाडीताई आमच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "अहो दादा, घड्याळाचा पट्टा बांधताय का?" त्यांनी स्वतः एका हाताने पोराला गुळ-शेंगदाण्याचा लाडू दिला आणि दुसऱ्या हाताने माप घेतलं. तीन वर्षांतलं सगळ्यात चांगलं प्रॅक्टिकल तेच.

आणि पाणी. नळाचं पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. टाकीजवळच्या नळाला मस्त पिवळं आलं, गावाच्या टोकाला वस्तीवर गेलो तर पाणी तसंच पांढरं. पाणी सोडणारे काका सांगत होते रोज टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, आणि टाकत होतेच, पण गोणी तोंड उघडं ठेवून ओलीत पडलेली, तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला. एक सुतळी आणि एक कोरडा कोपरा, एवढाच उपाय होता. मला वाटतं या डिग्रीचं काम नेमकं काय असतं ते मला त्या गोणीपाशी कळलं, वर्गात नाही.

घरी उपयोग होतो का? होतो, फक्त कुणाला नको असतो. मामेभावाच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी निम्म्या वऱ्हाडाला जुलाब, ग्रुपवर सगळ्यांनी मिळून बासुंदीला फाशी दिली. मी बसून ६२ जणांना फोन लावले, कोणी काय खाल्लं विचारत. बासुंदी खाणारे ४४, त्यातले २० आजारी, न खाणारे १८, त्यातले ८ आजारी, म्हणजे जवळपास सारखंच प्रमाण. मठ्ठा पिणारे ३०, त्यातले २४ आजारी, न पिणारे ३२ पैकी फक्त ४. ८० टक्के विरुद्ध साडेबारा टक्के! मी वहीत चार चौकोनांचा तक्ता काढून मामाला दाखवला की बहुतेक मठ्ठाच, त्यात बर्फ कुठला होता ते विचारा. मामा म्हणाला केटररचे पैसे देऊन झालेत आता गप बस.

आता रडगाणं. बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र, जो या कोर्सचा कणा आहे, तो आम्हाला डिक्टेशनने शिकवला. सर फॉर्म्युला सांगणार, आपण लिहिणार, सॉफ्टवेअर म्हणजे प्रोजेक्टरवर एसपीएसएस या आकडेवारीच्या प्रोग्रॅमचे स्क्रीनशॉट. तसलेच प्रोग्रॅम एपी इन्फो आणि आर फुकट मिळतात, ते पण लॅपटॉपवर टाकून द्यायला कोणी नव्हतं, मी शेवटी यूट्यूबवरून शिकलो, ७०,००० भरून. गडचिरोलीच्या बंग दांपत्याच्या टीमचा १९९९ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर सिलॅबसमध्ये आहे, गावातल्या बायकांना घरीच नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, जबरदस्त काम. तो पेपर आमच्याकडे पाच मार्कांची "टीप लिहा" झाला.

नोकरीचं विचाराल तर माहितीपत्रकात "१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" असं लिहिलं होतं, त्यातला असिस्टन्स हा शब्द आम्ही नीट वाचला नाही. सरकारी जाहिरात आली की स्वच्छता निरीक्षकाला सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा मागतात, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला बीएएमएस किंवा नर्सिंग, आणि आमची डिग्री त्या रकान्यात कुठे बसतच नाही. बॅचमधले दोघं सर्व्हेच्या कामाला एनजीओत आहेत, एक जण हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर क्लेमचे कागद लावते, बाकी आम्ही मास्टर्सची तयारी करतोय, कारण खरं काम एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थच्या मास्टर्सनंतरच सुरू होतं आणि तिथे आपल्या शेजारी एमबीबीएस झालेले बसणार आहेत. हे ॲडमिशनच्या दिवशी कोणी सांगत नाही. पुढचं शिकायची तयारी असेल तर घ्या, तीन वर्षांनी लगेच पगाराची गरज असेल तर नका घेऊ, आणि घरोघरी जाऊन फ्रिजच्या मागचा ट्रे उपसून डासांच्या अळ्या मोजायची किळस वाटत असेल तर अजिबातच नका घेऊ.

ॲडमिशनआधी दोन गोष्टी करा. फील्डला वर्षात किती दिवस नेता ते लेखी मागा. आणि कॉम्प्युटर लॅब दाखवतील तेव्हा दारावरची पाटी वाचा, आम्हाला जी दाखवली ती शेजारच्या बीसीएवाल्यांची होती, हे दुसऱ्या वर्षी कळलं.