जुन्या पॉप फोटोंचे कॅनव्हास प्रिंट: पुण्यातला उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

गेल्या दिवाळीत हॉलला रंग दिला, त्याच वेळी जुन्या पॉप-रॉक संगीताचे तीन फोटो कॅनव्हासवर छापून लावले. फ्लॅट सहकारनगरात, इमारत जुनी, हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. आता उन्हाळा झाला, पावसाळाही झाला, म्हणून सविस्तर लिहिते. कोणी विचारलं तर मी 'जरूर घ्या' असंच सांगते, पण कुठला फोटो निवडता यावर सगळं आहे.

कॅनव्हासला विणीचा खरखरीत पोत असतो. जुन्या कृष्णधवल फिल्मचा ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारे बारीक ठिपके, त्यात असा काही मिसळतो की फोटो त्याच कापडासाठी काढला होता असं वाटावं. माझा सगळ्यात लाडका आहे हॅरी बेन्सनने जानेवारी १९६४ मध्ये काढलेला फोटो. पॅरिसच्या जॉर्ज सँक हॉटेलात बीटल्स या बँडचे चौघे पलंगावर उशांनी एकमेकांना बडवताहेत. त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेल्याची बातमी नुकतीच आली होती. जवळ जाऊन पाहिलं तर केसांच्या काळ्यात राखाडी ठिपके दिसतात, चार पावलं मागे आलं की तेच ठिपके हालचाल होतात. काच नसल्यामुळे संध्याकाळच्या उन्हातही प्रतिबिंब पडत नाही, सोफ्यावर कुठेही बसा, फोटो पूर्ण दिसतो. आमच्या हॉलमध्ये हा फायदा फार मोठा ठरला. बाबांना या संगीताचा काही गंध नाही, पण या फोटोपुढे तेही थांबतात.

दुसरा पेनी स्मिथने १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये टिपलेला. 'द क्लॅश' या बँडचा पॉल सिमोनन स्टेजवर बेस गिटार आपटतोय. फोटो फोकसमध्ये नाही म्हणून बँडच्या 'लंडन कॉलिंग' अल्बमच्या कव्हरवर घ्यायला स्मिथचाच विरोध होता, तरी तो घेतला गेला. कॅनव्हासवर तो धूसरपणा सुंदर दिसतो.

तिसऱ्याने मात्र समाधान झालं नाही. बीटल्सच्या 'अ‍ॅबी रोड' अल्बमचं कव्हर, चौघे रस्ता ओलांडताना, इयन मॅकमिलनने ८ ऑगस्ट १९६९ ला रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढून काढलेलं. दहाएक मिनिटांत सहा फोटो, त्यातला हा एक. फोटो रंगीत आणि रेखीव, त्याची गंमत बारकाव्यांत आहे आणि तेच विणीत हरवतात. मॅकार्टनीचे अनवाणी पाय छान दिसतात, पण लांब फुटपाथवर उभी असलेली माणसं म्हणजे नुसते डाग. असा फोटो चांगल्या मॅट कागदावरच घ्यावा.

ऑर्डर देताना फाइल किती मोठी आहे ते विचाराच. २४ बाय ३६ इंचाला इंचामागे १५० पिक्सेल धरले तर ३६०० बाय ५४०० लागतात. नेटवरून उतरवलेला हजार पिक्सेल रुंदीचा फोटो ३६ इंच ताणला की इंचाला जेमतेम २८ उरतात. फोटो कोणी काढला, फाइल कुठून घेतली, हे ज्या विक्रेत्याला सांगता येत नाही त्याच्याकडून मी घेणार नाही. शाई पिगमेंटची, म्हणजे उन्हात सहसा लवकर न उडणारी आहे का, हेही विचारा. क्लॅशवाला खिडकीसमोर होता, मे संपेपर्यंत त्याच्या काळ्या रंगाला तपकिरी झाक आली. विकताना पिगमेंट शाई सांगितली होती, माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. आता तो पॅसेजमध्ये आहे.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत हवा दमट झाली आणि बेन्सनच्या फोटोचा खालचा कोपरा सैल पडून त्यावर लाट आली. त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत मागून लाकडी पाचरी आहेत. छोट्या हातोडीने त्या हलकेच ठोकल्या आणि कापड पुन्हा ढोलकीसारखं ताणलं गेलं. अ‍ॅबी रोडच्या चौकटीला पाचरीच नाहीत, कोपरे खिळ्यांनी पक्के. दुकानदाराने 'पावसात असं होतंच' म्हणून हात झटकले. शेवटी आमच्या सुतारकाकांनी मागच्या पिना उपसून कापड नव्याने ताणून दिलं. म्हणून घेतानाच प्रिंट उलटा करून पाचरी आहेत का ते बघा, आणि चौकटीची पट्टी दीड इंच जाडीची मागा.

बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तिथे लावूच नका. बाकी ठिकाणीही फर्निचरच्या पायांना लावतात त्या फेल्टच्या चकत्या चौकटीमागे चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते. आमच्याकडे बुरशी अजिबात आली नाही. वजन इतकं कमी की एका स्क्रूवर काम भागतं. पुसायला कोरडं मऊ फडकं पुरतं, ओलं फडकं किंवा काचेचा स्प्रे लावू नका.

पुढचा फोटो ठरलाय: ४ डिसेंबर १९५६, मेम्फिसचा सन स्टुडिओ, पियानोपाशी गायक एल्विस प्रेस्ली, आणि त्याच्याभोवती जेरी ली लुईस, कार्ल पर्किन्स आणि जॉनी कॅश. कृष्णधवल, ३६ इंच रुंद, पाचरींसकट. तो खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीवर लागेल.