धम्मगिरी, इगतपुरी: दहा दिवस सॉरी म्हणता येत नाही

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आल्यापासून जो तो विचारतोय काय 'अनुभव' आला, प्रकाश दिसला का, मणक्यातून करंट गेला का. तसलं काही हवं असेल तर हा रिव्ह्यू वाचून फार हाती लागणार नाही, आधीच सांगते. मला जे मिळालं ते फार साधं आहे आणि त्याचा फायदा माझ्यापेक्षा माझ्या आजूबाजूच्यांनाच जास्त होईल असं वाटतंय.

माहिती पटकन देते. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं हे मोठं केंद्र, १९७६ पासून इथे शिबिरं चालतात, स्टेशनपासून जवळच. पहाटे ४ ला घंटा, ६:३० ला नाश्ता, ११ ला जेवण, मग डायरेक्ट संध्याकाळी ५ ला चहा आणि चुरमुरे नाहीतर फळ. रात्रीचं जेवण विसरा. जुन्या साधकांना (म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना) तर पाचला नुसतं लिंबूपाणी. मोबाईल, पुस्तक, वही-पेन सगळं बंद. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकाशी श्वास बघत बसायचं, त्याला आनापान म्हणतात, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना रिअ‍ॅक्ट न होता नुसत्या बघत राहणं, शिकवतात आणि तिथून रोज तीनदा एकेक तास अधिष्ठान, म्हणजे हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. गुडघ्यांचं काय होतं ते लिहीत नाही.

आता आर्यमौन. बोलायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं पण खाणाखुणा पण नाहीत, नजरेला नजर पण नाही. पहिल्या पहाटे अंधारात आमच्या खोलीतल्या एका बाईंनी कॅरीबॅगमधून टॉवेल काढला आणि ती मेली कॅरीबॅग अशी कडकडली की घंटेच्या आधीच सगळ्या जाग्या. एरवी "सॉरी हं" म्हटलं असतं, आम्ही "असू दे हो" म्हणून कुशीवर वळलो असतो, विषय संपला असता आणि उद्या परत तेच झालं असतं. इथे सॉरी म्हणायची सोयच नाही. तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टॉवेल रात्रीच उशाशी काढून ठेवायला सुरुवात केली. मग हळूहळू अख्खी खोलीच तशी झाली, कुणी कडी लावताना मध्ये बोट धरतंय, कुणी बांगड्या काढून रुमालात बांधून ठेवतंय, कुणी चपला फटफट न करता हातात घेऊन बाहेर जातंय. कुणी सांगितलं नव्हतं! माफीचा रस्ता बंद झाला की माणूस आधीच जपून वागतो, हे मला प्रवचनातून नाही तर त्या खोलीत कळलं. आणि डास. पहिलंच शील (शिबिरात पाळायचा नियम) प्राणिहत्या नको, त्यामुळे डास चावतोय आणि आपण नुसतं बघतोय, काय करणार.

रोज संध्याकाळी ७ ला गोएंकांचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन असतं (ते २०१३ ला गेले), ते मात्र अजिबात कंटाळवाणं नाही, माणूस भारी गोष्टीवेल्हाळ. मुद्दा एकच फिरून फिरून येतो, की राग आला की अंगावर आधी काहीतरी होतं, छाती गरम, श्वास जोरात, आपण त्यालाच रिअ‍ॅक्ट होतो आणि मग ते घरभर वाटत सुटतो. समोरच्याने शिवी दिली ते त्याचं, त्यानंतर मी दोन तास धुमसले आणि पोराच्या पाठीत धपाटा घातला ते माझ्या खात्यावर. खात्यावरून आठवलं, गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन कुणी भगवे कपडेवाले नव्हते, स्वतंत्र बर्माचे पहिले अकाउंटंट जनरल होते, १९४८ साली. ऑफिसातल्या लोकांना पण ध्यान शिकवायचे. मला हे लय आवडलं, जागृती झाली म्हणून हिमालयात नाही गेले, सरकारी हिशेब तपासत बसले. तिहार जेलमध्ये पण १९९४ ला, किरण बेदी तिथल्या मुख्य अधिकारी होत्या तेव्हा, हजाराच्या वर कैद्यांचं एकत्र शिबिर झालं होतं. केलेल्या गोष्टीसोबत दहा दिवस गप्प बसणं हे त्यांना आपल्यापेक्षा किती जड गेलं असेल.

पटलं नाही ते पण लिहिते. प्रत्येकाने स्वतःला सुधारलं की जग सुधारेल, हा सूर मला अर्धाच पटतो. नदीत केमिकल सोडणारा कारखानदार रोज तासभर समतेत, म्हणजे कशालाच रिअ‍ॅक्ट न होता, बसला आणि उठून परत व्हॉल्व्ह उघडला तर त्या समतेचं मी काय करू? आणि पुनर्जन्माचा भाग पण प्रवचनात येतो, तो मी बाजूला ठेवला, त्याने काही अडलं नाही.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवतात, सगळ्यांचं भलं होवो, मग मौन सुटतं आणि जो काही कलकलाट होतो, बाप रे. जिला तिला आपलाच अनुभव मोठा. निघताना त्यातल्याच एक ताई रिक्षावाल्या दादांशी वीस रुपयांवरून अशा काही भांडल्या की मैत्री बहुतेक ऑफिसात जमा केलेल्या सामानातच राहिली.

पैसे: राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच फी नाही. आणि आधी देतो म्हटलं तरी घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच दान घेतात. म्हणजे तुमच्या ताटातला वरण-भात कुणीतरी आधीच भरून गेलंय, तो कोण ते तुम्हाला कधी कळणार नाही आणि तुम्ही जे ठेवाल ते कुणाच्या पोटात जाईल तेही नाही. ताट स्वतः घासायचं असतं, नळावरच्या रांगेत उभं राहून हे डोक्यात आलं की आपोआप नीट घासलं जातं.

डिप्रेशनच्या किंवा तसल्या गोळ्या चालू असतील तर फॉर्ममध्ये लपवू नका, तो प्रश्न उगाच नाही विचारत. गंभीर मानसिक आजार असेल तर ते स्वतःच नको म्हणतात आणि ते बरोबर आहे, आधी डॉक्टरांना विचारा. बुकिंग ऑनलाइन, पटापट भरतं. पावसाळ्यात जाणार असाल तर कपडे जास्तीचे घ्या, इगतपुरीचा पाऊस आहे तो, काही वाळत नाही.