जुनं डेटजस्ट १६०१४: घेतलं १०० ला, पडलं १३४ ला

रोलेक्स डेटजस्ट १६०१४ घेऊन मला १४ महिने झाले, रोज मनगटावर असतं, म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि तिसऱ्या महिन्यात नुसता संताप.

घड्याळ म्हणून बोलायचं तर अप्रतिम आहे. ३६ मिलिमीटरची स्टीलची केस म्हणजे बाहेरची डबी, पांढऱ्या सोन्याचं दातेरी बेझल म्हणजे काचेभोवतीचं कडं, बारीक कड्यांचा ज्युबिली पट्टा, आत १९७७ साली आलेलं ३०३५ हे मशीन. तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला ८, त्यामुळे सेकंदकाटा सरकताना बघत बसावंसं वाटतं. चावी एक पायरी ओढली की तारीख लगेच बदलता येते, आधीच्या मशीनसारखे काटे गोल गोल फिरवत बसायला नको.

आता पैशांचं. आकडा सांगण्यात अर्थ नाही, भाव सारखे बदलतात, म्हणून मी जे दिले ते १०० धरा. त्याच वेळी दुसऱ्या एकाकडे हेच मॉडेल होतं, नुकतीच सर्व्हिस झालेलं, बिलासकट, १२५ ला. मला वाटलं २५ वाचतायत, थोडं वापरलेलं असलं तर काय बिघडलं. विकणारा म्हणाला टाइम एकदम परफेक्ट दाखवतं, आणि खरंच दिवसाला २ सेकंदच मागे पडत होतं. मी खूश.

पण टाइम बरोबर दाखवणं आणि मशीन ठणठणीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला घड्याळजींकडे गेल्यावर कळलं. त्यांनी टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाचे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं तर अँप्लिट्यूड १८५. अँप्लिट्यूड म्हणजे आतलं मागे-पुढे झुलणारं बॅलन्स चाक मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतंय ते, पूर्ण चावी दिलेली असताना ते २७० च्या पुढे हवं. माझं चाक दमलेलं होतं, फक्त कुणीतरी ॲडजस्ट करून टाइम जुळवून दिला होता. मागचं झाकण उघडलं तर त्याच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखी घासल्याची खूण. रोटर म्हणजे मनगट हलेल तसं फिरून आपोआप चावी देणारं वजन, त्याचा अ‍ॅक्सल झिजून तो तिरका झाला होता आणि प्रत्येक हालचालीला झाकणाला घासत होता. मनगट हलवलं की बारीक खरखर यायची ती हीच, आणि मी समजत होतो की ऑटोमॅटिक घड्याळाचा आवाज असाच असतो. ऑइल सुकून काळपट झालेलं. इतकी वर्षं सर्व्हिस केली नाही तर कुठलंही मशीन असंच होणार, त्यात घड्याळाचा काही दोष नाही.

फुल सर्व्हिस १७, अ‍ॅक्सल, मेनस्प्रिंग (मशीनला ताकद देणारी स्प्रिंग), चावी आणि तिची ट्यूब मिळून ५, आणि पट्टा १२. पट्ट्याचं मला खरंच वाईट वाटलं कारण ते मला स्वतःला बघता आलं असतं. घड्याळ आडवं धरून पट्टा हवेत सोडायचा, चांगला असेल तर जेमतेम वाकतो, माझा वेलीसारखा खाली लोंबत होता. कड्यांच्या आत घाम आणि धूळ जाऊन त्याची पेस्ट होते आणि ती वर्षानुवर्षं आतल्या पिना घासत राहते, त्यामुळे एक कडी काढून काही होत नाही, सगळ्या पिना नव्याने बसवाव्या लागतात. झाले १३४. वर ९ आठवडे घड्याळ हातात नाही.

काचेचं टेन्शन घेऊ नका, या मॉडेलला ॲक्रिलिकची काच आहे, साधे ओरखडे पॉलिशने जातात.

जे पैसे टाकूनही धड परत येत नाही ते म्हणजे केसचा धातू. पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांना आरपार भोकं आहेत. भोकापासून कडेपर्यंत किती धातू उरलाय ते चारही ठिकाणी बघा. माझ्या डावीकडच्या खालच्या कानाला भोक जवळजवळ कडेला टेकलंय, कारण आधीच्या कुणीतरी चकाचक दिसावं म्हणून दोन-तीनदा तरी पॉलिश मारलंय. फोटोत तेच घड्याळ सगळ्यात नवं दिसत होतं! लेझर वेल्डिंगने धातू भरून देणारे आहेत पण ते काम महाग, आणि पुढे विकताना तसं सांगावं लागतं. ओरखडे असलेलं पण जाड कानांचं घड्याळ मी आता डोळे झाकून आधी उचलेन.

डायलच्या बाबतीत मात्र नशीब चांगलं. खाली ६ च्या दोन्ही बाजूंना टी स्विस टी लिहिलंय म्हणजे ट्रिटियमची (अंधारात चमकण्यासाठी वापरायचे तो किरणोत्सर्गी पदार्थ), आणि अंधारात अजिबात चमकत नाही, जी चांगली गोष्ट आहे. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, त्यामुळे एवढी जुनी डायल लखलखत असेल तर ती बदललेली किंवा परत रंगवलेली आहे असंच समजा. आणि बाहेरचे डुप्लिकेट पार्ट आत असतील तर कंपनीची सर्व्हिस ते बदलल्याशिवाय घड्याळ हातात घेत नाही, म्हणून झाकण उघडलेला फोटो आणि अँप्लिट्यूडसकट टाइमग्राफरचा फोटो पैसे द्यायच्या आधी मागा. नाही म्हणाला तर सर्व्हिस झालेलीच नाही असं धरून किंमत बोला.

आता अँप्लिट्यूड २८५ आहे, खरखर गेली, पाणी आत शिरतं का बघायची प्रेशर टेस्ट पास झाली तरी मी पोहायला घालत नाही. घड्याळजी म्हणाले सहा-सात वर्षांनी परत दाखवा, म्हणजे नुसतं चालू ठेवायला वर्षाला अडीच धरून चाला. मशीन, डायल, हातावर बसणं याला पाचपैकी पाच. मी केलेल्या सौद्याला दोन. याच कानांचं हेच घड्याळ मला ७५ ला मिळालं असतं तर परत घेतलं असतं, १०० ला नाही.