‘खरी कमाई’चा बाजार: मिसळ झकास, पण विकली कुणी?

मुलीच्या शाळेत दरवर्षी जानेवारीतल्या एका शनिवारी ‘खरी कमाई’चा बाजार भरतो. यंदा पाचवी ते आठवीच्या मुलांनी पटांगणावर चोवीस टेबले मांडली होती आणि होणाऱ्या नफ्यातून वाचनालयासाठी पुस्तके घेतली जातील, असे शाळेने आधीच कळवले होते. शाळा कोल्हापुरातली आहे एवढे सांगून नाव गाळतो, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतली एक माझ्या स्वतःविरुद्धच आहे. मी एका सहकारी बँकेत रोखपाल असल्यामुळे माझे निम्मे लक्ष प्लेटकडे आणि निम्मे गल्ल्याकडे होते. त्यामुळे हे परीक्षण खाण्याचे कमी आणि हिशेबाचे अधिक वाटले, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात मिसळीपासून करतो, कारण सर्वांत जास्त गर्दीही तिथेच होती. तीस रुपयांना प्लेट. मटकी शिजलेली पण अख्खी, कट लालभडक असूनही घशाला न लागणारा, वर फरसाण, बारीक चिरलेला कांदा आणि सोबत आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे पावाऐवजी जाड स्लाइस ब्रेड. कांदा-लसूण चटणी घरचीच असावी. तिचा वास रांगेत असतानाच येत होता. एखाद्या मुरलेल्या मिसळवाल्याने खाली मान घालावी अशी ती मिसळ होती आणि नेमके तेच खटकले. फलकावर सातवीतल्या तीन मुलांची नावे होती. प्रत्यक्षात कट वाढत होत्या एक आई, कांदा चिरत होते कुणाचे तरी काका, पैसे घेत होते वडील आणि ती तीन मुले टेबलाच्या कडेला उभी राहून शेव खात होती. त्यांतल्या एकाने उत्साहाने पळी उचलली, तेव्हा आई म्हणाल्या, “सांडशील रे, दे इकडं.” पळी परत गेली. टेबलावर वडिलांच्या दुकानातला, पैसे आल्याचे बोलून सांगणारा स्पीकर ठेवलेला होता आणि तो दर मिनिटाला तीस-तीस रुपयांची द्वाही फिरवत होता. ते रुपये अर्थातच वडिलांच्या खात्यात जात होते. संध्याकाळी तेवढी रोकड शाळेकडे पोहोचली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण मुलांच्या हाताला त्या दिवशी एक नाणेही लागले नाही.

‘खरी कमाई’ हा शब्द शाळांत आला तो स्काऊट-गाईडच्या चळवळीतून. ब्रिटनमधल्या स्काऊटांनी १९४९ पासून ‘बॉब-अ-जॉब’ नावाचा आठवडा पाळला. त्यात मुले घरोघर जाऊन बूट पुसणे, अंगण झाडणे अशी बारीकसारीक कामे करून शिलिंग मिळवत आणि ते चळवळीच्या निधीत घालत. आपल्याकडच्या खऱ्या कमाईचा हेतूही तोच आहे: वर्गणी मागायची नाही, हात पसरायचा नाही, काहीतरी काम करून पैसे मिळवायचे. ‘कमाई’च्या आधी ‘खरी’ हा शब्द उगाच लावलेला नाही. त्या अर्थाने पाहिले, तर मिसळीच्या टेबलावर कमाई भरपूर झाली आणि ती खरी होती आई-वडिलांची.

अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट मुलींची बिस्किटविक्री जगभर ठाऊक आहे. तिची सुरुवात १९१७ साली ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावी झाली, तेव्हा मुलींनी घरच्या स्वयंपाकघरात बिस्किटे भाजून हायस्कूलच्या उपाहारगृहात विकली. त्या सुरुवातीच्या काळातले आयांचे काम सांगताना त्या संस्थेने ‘तांत्रिक सल्लागार’ असा शब्द वापरला आहे. मला तो फार आवडला. भट्टी किती तापली आहे हे आईने सांगावे आणि पीठ मुलीने मळावे. पुढे १९३६ पासून बिस्किटे व्यावसायिक बेकऱ्यांकडून भाजून घेतली जाऊ लागली, तेव्हा मुलींकडे मुख्यतः विकण्याचेच काम उरले. आमच्या शाळेत तर आता तेही उरलेले नाही. त्याच १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाळेच्या बाजारात टेबलामागे जाऊन उभ्या राहणाऱ्या पालकालाही आता तसाच काही दंड ठेवावा, असे त्या दिवशी माझ्या मनात दोन-तीनदा येऊन गेले. वाचनालयाला तेवढीच भर.

तो दंड गेल्या वर्षी मलाच भरावा लागला असता. मुलीने आप्पे करायचे ठरवले, म्हणजे खरे तर आम्हीच ठरवले. पहाटे साडेचारला उठून पत्नीने आणि मी दोन आप्पेपात्रांवर दोनशेवर आप्पे काढले, नारळाची चटणी वाटली, स्टीलच्या डब्यांत भरून सगळे स्कूटरवरून शाळेत नेले आणि कन्या मागच्या सीटवर झोपेत पेंगत आली. दुपारपर्यंत डबे रिकामे झाले आणि सर्वाधिक विक्रीचे दुसरे बक्षीस मिळाले. रात्री मी तिला सहज विचारले, “रवा किती रुपयांचा लागला?” ती म्हणाली, “मला काय माहीत? पप्पा, तो तर तुम्हीच आणला होता.” वर्गात लावलेल्या तक्त्यावर तिच्या टेबलाचा नफा विक्रीइतकाच दाखवला होता, कारण खर्चाचा रकाना कोराच होता. ज्याला खर्च नाही असा धंदा मी नोकरीच्या एकवीस वर्षांत पाहिलेला नाही.

हा दोष पालकांचा आहे, पण तो पेरला शाळेने. ‘सर्वाधिक विक्री’ला बक्षीस ठेवले की पालक बाह्या सरसावणारच. हिशेबाच्या वहीला बक्षीस ठेवा, मग टेबलामागे कोण उभे राहते ते पाहू. माझ्या लहानपणी शाळेतून ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनासाठी कागदी ध्वज विकायला मिळत. मी शेजाऱ्यांकडे जायला लाजतो हे पाहून वडिलांनी सगळेच्या सगळे स्वतः विकत घेतले आणि कपाटावर ठेवून दिले. त्यांनी ते मायेनेच केले, पण अनोळखी दार वाजवून दोन वाक्ये बोलण्याचा धीर माझ्या अंगी यायला पुढे बँकेच्या खिडकीमागे बसावे लागले.

आता भेळेच्या टेबलाविषयी, जे मला सर्वांत आवडले. सहावीतली दोन मुले, पंधरा रुपयांना पुडा. एक भेळ तयार व्हायला चार-पाच मिनिटे लागत होती, कारण एक मुलगा कांदा, टोमॅटो, कोथिंबीर चमच्याने मोजून घालत होता आणि दुसरा प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होता, “काका, तिखट चालतंय का?” चिरमुरे आदल्या रात्री उघडे राहिले असावेत, त्यामुळे थोडे मऊ पडले होते, आणि चिंचेचे पाणी अंमळ जास्त झाले होते. मी शंभराची नोट दिली. त्या मुलाने वजाबाकी केली नाही. आधी पाचाचे नाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “पंधरा आणि पाच वीस.” मग दहाच्या तीन नोटा एकेक ठेवत, “तीस, चाळीस, पन्नास.” मग पन्नासची नोट ठेवून, “आणि हे शंभर.” उलटे मोजून सुट्टे देण्याची ही जुन्या दुकानदारांची रीत आता बँकेतल्या नव्या मुलांनाही येत नाही. कुणी शिकवले म्हणून विचारले, तर त्याच्या आजोबांचे लक्ष्मीपुरीत किराणा दुकान होते आणि आदल्या रविवारी त्यांनी त्याला तासभर गल्ल्यावर बसवले होते. आजोबा स्वतः त्या दिवशी आले होते, पण पार झाडाखालच्या खुर्चीवर बसले होते आणि एकदाही उठून टेबलाकडे आले नाहीत. भेळ मऊ होती, तरी मी दुसरा पुडा घेतला.

एका टेबलावर वेफर्सची पाकिटे आणि थंड पेयांच्या बाटल्या घाऊक बाजारातून आणून मांडल्या होत्या आणि दहा रुपये छापील किमतीचे पाकीट बारा रुपयांना विकले जात होते. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही हा कायदा आहे, असे मी शेजारी उभ्या असलेल्या पालकांना सांगितले, तर “चांगल्या कामासाठीच आहे हो,” असे उत्तर मिळाले. मुलगा दोघांचेही ऐकत होता. मी पाकीट घेतले नाही.

पालकांनी काहीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. उकळता कट, गॅसची शेगडी आणि धारदार सुरी ही अकरा वर्षांच्या मुलांच्या भरवशावर सोडायची कामे नव्हेत आणि मिसळीच्या टेबलावरच्या आईंची धास्ती तेवढ्यापुरती रास्त होती. मात्र त्यावर उपाय म्हणजे मुलांना झेपेल असा पदार्थ निवडणे. पाणी आणि बर्फ कुठून आले हेही मोठ्या माणसानेच पाहायला हवे. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८ साली आला. पांढरा बर्फसुद्धा कुठून आणला हे विचारूनच घ्यावा. शाळेने हात धुण्याची सोय आणि कचऱ्याचे डबे नेटके ठेवले होते, मात्र पदार्थ कुठे आणि कसे केले हे शिक्षकांनी एकाही टेबलावर विचारल्याचे मला दिसले नाही.

यंदा आमची कन्या आणि तिच्या चार मैत्रिणी यांनी लिंबू सरबत निवडले. मी चारशे रुपये उसने दिले, ते वहीत ‘देणे’ म्हणून लिहून घ्यायला लावले, बर्फ स्वतः पारखून आणून दिला आणि त्याचे पैसे वसूल केले. कपिलतीर्थ मंडईत लिंबे घ्यायला पाचही जणी गेल्या, मी वीस पावलांवर नारळवाल्याशी बोलत उभा राहिलो. चार रुपयांना एक या भावाने चाळीस लिंबे त्यांनी घासाघीस न करताच घेतली. माझी जीभ शिवशिवत होती, पण मंडईतल्या मावशींनीच वरती दोन लिंबे टाकली. लिंबे एकशे साठ, दोन किलो साखर नव्वद, शंभर पेले सत्तर, बर्फ चाळीस आणि घरातल्या जिरेपूड-मिठाचे दहा, जे मुलींनी पत्नीच्या हातात रोख मोजले. एकूण तीनशे सत्तर. उरलेले तीस रुपये सुट्टे म्हणून डब्यात. सरबताचे परीक्षण करायचे तर पहिल्या वीस पेल्यांत मीठ जास्त होते. मी चव घेतली, तोंड वाकडे न करता पेला संपवला आणि निघून गेलो. थोड्या वेळाने पाचवीतल्या एका मुलाने “खारट आहे” असे तोंडावर सांगितले, तेव्हा त्यांनी पाणी आणि साखर वाढवली.

दहा रुपयांप्रमाणे चौऱ्याऐंशी पेले गेले. हे त्यांनी उरलेले चौदा आणि फाटलेले दोन पेले शंभरातून वजा करून काढले, ते पाहून मला बरे वाटले. म्हणजे डब्यात आठशे सत्तर हवे होते. निघाले आठशे पासष्ट. तीन वेळा मोजले, तरी तेवढेच. बहुधा कुणीतरी दहाच्या नाण्याऐवजी पाचाचे टेकवले असावे. माझा हात आपसूक खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मुलीने विचारले, “पप्पा, बँकेत पाच रुपये कमी आले तर तुम्ही काय करता?”

“खिशातून भरतो,” मी म्हणालो. “ज्याच्या ताब्यात गल्ला, त्याने भरायचे.”

पाच जणींनी एकमेकींकडे पाहिले आणि एक-एक रुपया भरायचा असे ठरवले. चौघींनी दप्तरातून काढून दिला. पाचवीकडे त्या दिवशी रुपया नव्हता, म्हणून वहीत तिच्या नावापुढे ‘येणे १ रु.’ असे लिहिले गेले. माझे चारशे त्यांनी मोजून परत केले आणि निधीसाठी बाईंच्या हातात चारशे सत्तरऐवजी चारशे एकोणसत्तर ठेवले. बाईंनीही पावती तेवढ्याचीच फाडली. सोमवारी तो रुपया आला की नाही हे मुलीने मला अजून सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही.