एनएचएल 25: आठ महिने कॅमेरे बदलून शेवटी कुठे थांबलो

एनएचएल 25 हा आइस हॉकीचा व्हिडिओ गेम, आणि त्यात मॅच कुठून बघायची याचे वेगवेगळे कॅमेरे निवडता येतात. पहिला दीड महिना मी ब्रॉडकास्ट कॅमेऱ्यावरच काढला. कॅनडातल्या मिसिसागाला आल्यापासून आइस हॉकी पाहिली ती टीव्हीवर, त्यामुळे बाजूने दिसणारी आडवी रिंकच (बर्फाचं मैदान) डोळ्यांत बसलेली. देखणा कॅमेरा आहे, वादच नाही. घरात कुणी आलं तर खरीच मॅच चालू आहे असं वाटायचं. स्कोअर वाचेपर्यंत.

दोष माझ्या हातांचा आहे असं वाटत होतं, आणि थोडा होताही. पण एक दिवस लक्षात आलं की माझे चुकणारे पास सगळे एकाच जातीचे आहेत: गोलसमोरून या बाजूचा त्या बाजूला द्यायचे. रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. बाजूच्या कॅमेऱ्यात लांबी ऐसपैस दिसते, रुंदी मात्र चेपली जाते. नेमका तिथेच तर वन-टायमरचा (आलेला पास न थांबवता थेट मारलेल्या शॉटचा) खेळ असतो! मधे बचावपटूची स्टिक आहे की मोकळी वाट, हे कळायच्या आत मी आर2 (पासचं बटण) दाबलेलं असायचं. शिवाय सहा फूट रुंदीचा गोल बाजूने बघायचा म्हणजे दाराची फळी कडेने बघण्यासारखं. गोलीने (गोलरक्षकाने) कुठला कोपरा उघडा ठेवलाय, काय दिसणार?

क्रिकेटवाल्यांना लगेच पटेल. एलबीडब्ल्यूचं अपील आपण स्क्वेअर लेगच्या अंपायरकडे करत नाही. लाइन बघायची तर स्टंपांच्या मागेच उभं राहावं लागतं.

म्हणून उभ्या कॅमेऱ्यांकडे, म्हणजे रिंक खालून वर उभी दाखवणाऱ्यांकडे, वळलो. यात नवीन काहीच नाही म्हणा, 1993 साली आलेल्या एनएचएल 94 मध्येही रिंक उभीच होती. आधी डायनॅमिक लावला. तो पकच्या (आइस हॉकीतल्या चकतीच्या) मागे हलत राहतो, स्केटिंगचा वेग छान जाणवतो, एकट्याने पक घेऊन घुसायला मजा येते. पण माझं डोकं गरगरायचं. ओव्हरहेडमध्ये पासच्या वाटा नकाशासारख्या स्वच्छ, पण माझा टीव्ही 32 इंची. खेळाडू म्हणजे मुंग्या, आणि पक बर्फावर आहे की हवेत, हे सांगणं अवघड. मोठा स्क्रीन असेल तर जरूर बघा.

थांबलो झोनवर. पक समोरच्या निळ्या रेषेच्या (जिथून समोरच्यांचा गोलकडचा भाग सुरू होतो) आत गेला की हा कॅमेरा फार धावपळ करत नाही. रेषेपासून गोललाइनपर्यंतच्या 64 फुटांतला बहुतेक खेळ डोळ्यांसमोर राहतो. आता माझा ठरलेला डाव असा: उजव्या बोर्डाजवळून (कडेच्या भिंतीजवळून) आत शिरायचं, बचावपटू अंगावर येईपर्यंत पक धरून ठेवायचा, डावा विंगर (डाव्या कडेचा आपला गडी) पलीकडच्या खांबाजवळ पोचताना दिसला की पास, आणि पक पोचायच्या आत कंट्रोलरची उजवी स्टिक मागे ओढून तयार. पूर्वी हे दहात एकदा जमायचं नाही. आता जमतं, निदान गोलीला हलावं तरी लागतं.

फुकट काही मिळालं नाही. बाजूने बघताना निळी रेषा सरळ उभी दिसायची, आपला गडी पकच्या आधी आत शिरतोय (म्हणजेच ऑफसाइड) हे चटकन कळायचं. झोन लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे माझे ऑफसाइड इतके वाढले की ऑनलाइन सोबत खेळणारे वैतागले. (रनआउटला स्क्वेअर लेगचाच अंपायर लागतो, तसं.) आणि पक आपल्याच गोलच्या मागे अडकला की सगळी झटापट स्क्रीनच्या खालच्या काठाशी होते, तिथे अजूनही गोंधळ उडतो.

पॉजमध्ये जाऊन कॅमेरा बदलता येतो, पण चालू मॅचमध्ये हा चाळा करू नका. एकेकाला पंधरा-वीस मॅच द्या, बोटांना दिशा नव्याने शिकायला तेवढा वेळ लागतोच.

एकाच टीव्हीवर दोघं समोरासमोर बसणार असाल तर मात्र ब्रॉडकास्टच लावा. उभ्या कॅमेऱ्यात एक जण वर चढतो आणि दुसऱ्याला खाली उतरत खेळावं लागतं, भांडण ठरलेलं. माझा भाचा तर दुसरं काही लावूच देत नाही. त्याच्याकडे गेलो की गुपचूप आडवं खेळतो आणि 6-1 ने हरून घरी येतो.