कारवानीला ‘बस’ शिकवताना: खाऊ दाखवून की वाट बघून?

लातूर-उदगीरकडच्या कारवानी कुत्र्याला ‘बस’ शिकवायचे दोन रस्ते आहेत.

पहिला, खाऊ दाखवून. उकडलेल्या चिकनचा बोटाच्या पेराएवढा तुकडा नाकाजवळ धरायचा आणि हात हळूच डोक्यामागं न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप टेकतं. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्यायचा. गावठी पिल्लू यानं लवकर शिकतं. पण जमायला लागलं की रिकाम्या हातानं तोच इशारा करा, नाहीतर तुकडा दिसल्याशिवाय ते बसायचं नाही.

दुसरा, वाट बघायची. कुत्रं आपणहून बसलं की लगेच शाब्बास, लगेच खाऊ. वेळ लागतो, तरी कारवानीसाठी मी हाच सुचवीन. लांब पाय, अंगावर चरबी नाही; शहाबादी फरशीवर बसणं त्याला नकोसंच असतं. खाली गोणपाट अंथरा. कमरेवर दाब देऊन बसवू तर अजिबात नका, फार भेदरतं ते.

रस्ता कुठलाही घ्या, खाऊत कांदा-लसूण, बेदाणे नकोत. ते कुत्र्याला विषारी. आणि उन्हाळ्यात शिकवणी सकाळीच, ऊन तापायच्या आत.