वह्यांचा गठ्ठा की हातातली पाटी? तिसरी ते सहावीच्या गणितासाठी

जूनमध्ये नव्या वर्गाची हजेरी हातात आली, की गणित शिकवणाऱ्याला एक गोष्ट ठरवावी लागते. शिकवलेलं मुलांना कळलं की नाही, हे रोजच्या वहीतून बघायचं की वर्गातच पाटीवर उत्तर मागून? दोन्ही करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ज्याच्याकडे दोन इयत्ता आहेत, पोषण आहाराच्या नोंदी आहेत आणि ऑनलाइन माहिती भरायची आहे, त्याला एकाला मोठा वाटा द्यावाच लागतो. सातारा-सांगलीकडच्या द्विशिक्षकी शाळा आणि पस्तीस-चाळीसच्या पटाचे वर्ग डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितोय. माझा कल पाटीकडे आहे. तरीही वहीची बाजू हलकी नाही, हे आधीच सांगतो.

"कोण सांगेल?" म्हणून हात वर करायला लावण्याचा तिसरा मार्ग इथे फारसा धरलेला नाही. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक. त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. ही सवय जरूर लावून घ्यावी. पण कितीही थांबलं तरी शेवटी उत्तर एकाच मुलाचं कळतं, बाकीच्या चौतिसांचं नाही.

आता वही. वहीत पायऱ्या दिसतात, मांडणी दिसते, अक्षर दिसतं. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी आले की आधी वह्याच मागतात. घरीही "गुरुजींनी वही तपासली का?" हाच प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. पालकाला शाळेतलं तेवढंच बघायला मिळतं. भूमितीच्या रचना, शाब्दिक उदाहरणांची मांडणी, भाषेतलं सलग लेखन यांना वहीशिवाय पर्याय नाही. वेळ मात्र फार जातो. एका वहीला दीड मिनिट धरलं तरी पस्तीस वह्यांना बावन्न मिनिटं लागतात, आणि ही झाली एका विषयाची एका दिवसाची तपासणी. म्हणून घाईने तिरप्या रेषा ओढल्या जातात आणि खाली सही होते.

वेळेचं एक वेळ चालवून घेता येतं. माझ्यापुरता निकाल लागला तो वेगळ्याच गोष्टीने. आज हातच्याची वजाबाकी शिकवली आणि घरी दहा गणितं दिली. ज्या मुलाला पद्धत उलटी समजली आहे, ते दहाही गणितं मन लावून, स्वच्छ अक्षरात, एकाच चुकीने सोडवतं. वही उद्या येते आणि तपासून परवा परत जाते. तोवर चुकीच्या पद्धतीचा दहा वेळा सराव झालेला असतो, हाताला ती बसलेली असते. मग नवं शिकवण्याआधी जुनं सोडवावं लागतं आणि त्याला मूळ शिकवण्यापेक्षा जास्त तास जातात. यात नुकसान जास्त होतं ते मेहनती मुलाचं, कारण सगळी दहा गणितं करून आणणारं तेच असतं. टाळाटाळ करणाऱ्याने दोनच केलेली असतात, त्यामुळे त्याची चूक दुरुस्त करणं त्या मानाने सोपं जातं. मला हे फार खटकतं.

शिवाय वहीत सगळं बरोबर असलं तरी खात्री देता येत नाही. मोठ्या बहिणीने सांगितलेलं, गाइडमधून उतरवलेलं आणि स्वतः सोडवलेलं उत्तर वहीत एकसारखंच दिसतं.

पाटीवर काय दिसतं, ते एका उदाहरणातून बघू. फळ्यावर ५०३ − २६७ लिहा. बरोबर उत्तर २३६. कुणाच्या पाटीवर ३६४ आलं, तर त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. वरचा कुठला, खालचा कुठला हे पाहिलेलंच नाही. २४६ आलं, तर शतक सुटं करता आलंय, पण त्या दहा दशकांतला एक पुढे एककाकडे दिल्यावर नऊ उरतात, हे निसटलंय. २६६ किंवा २०६ आलं, तर मुलाने शून्य ओलांडून पाचातला एक थेट एककाला दिला, दशकाच्या घरी शून्य तसंच ठेवलं आणि मग शून्यातून सहा कसे जातील याची आपल्या परीने वाट काढली. तीन तऱ्हेच्या चुका, तीन वेगळे उपाय. पहिल्याला काड्या आणि गठ्ठे हातात हवेत. दुसऱ्याला ५०३ म्हणजे ४ शतक, ९ दशक, १३ एकक एवढीच मांडणी चार-पाच संख्यांवर करून घेतली तरी बहुधा पुरतं. तिसऱ्याला शतकाचं सुटं एकदम एककात होत नाही, आधी दशकं होतात, हे खोट्या नोटांनी दाखवावं लागतं. हे सगळं तास चालू असतानाच कळतं, घरी सराव होण्याच्या आधी.

प्रश्न नीट निवडला नाही, तर मात्र पाटीचा काही उपयोग नाही. ५८६ − २३४ दिलं तर उलटी पद्धत वापरणाऱ्याचंही उत्तर बरोबरच येतं. चुकीच्या वाटेने गेलं की उत्तर चुकलंच पाहिजे, अशा संख्या घ्याव्यात. सहावीला दशांश अपूर्णांक शिकवताना ०.७ आणि ०.४५ यांतली मोठी संख्या विचारावी. पंचेचाळीस सातापेक्षा मोठे म्हणून ०.४५ लिहिणारी मुलं लगेच दिसतात. ०.३ आणि ०.६५ विचारलं, तर तीच मुलं चुकीच्या कारणाने बरोबर ठरतात. पाचवीला १/३ आणि १/४. चौथीला 'चार हजार सात' अंकांत लिहा म्हटलं, की ४०००७ लिहिणारी मुलं पुढे येतात.

पद्धत अशी. प्रश्न फळ्यावर लिहायचा, तोंडी सांगायचा नाही. चाळीस ते साठ सेकंद पूर्ण शांतता. ज्याचं झालं त्याने पाटी पालथी करून छातीशी धरायची. "दाखवा" म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. शिक्षकाने डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि चेहरा कोरा ठेवायचा. इथेच बहुतेकांचं बिघडतं. एका पाटीकडे बघून "शाब्बास" निघालं, की उरलेल्या दहा पाट्या हळूच पुसल्या जातात. त्यानंतर एक बरोबर आणि एक चुकलेलं उत्तर नाव न घेता फळ्यावर लिहायचं आणि "हे उत्तर कसं आलं असेल?" असं दोन्हींबद्दल विचारायचं. वर्गातली साधारण पाव मुलं किंवा त्याहून जास्त चुकली असतील, तर पुढे न जाता तोच भाग दुसऱ्या साधनाने घ्यावा. तीन-चारच चुकली असतील, तर बाकीच्यांना स्वाध्याय देऊन त्यांच्याशेजारी बसावं. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे. तुमच्या वर्गात तो थोडा इकडेतिकडे होईल.

दुसऱ्या साधनाने म्हणजे खरोखर दुसऱ्या साधनाने, तेच मोठ्या आवाजात नव्हे. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे शिक्षण विभागाने केलेल्या शाळांच्या एका गटातल्या, शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येत होते, तेव्हा अनेकांनी जमिनीवरची रंगीत आखणी तेवढी टिपून नेली. तिथली घेण्यासारखी गोष्ट मला वाटते ती ही, की मुलं दशकाचा गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडत होती आणि बांधत होती. पाटीवर ३६४ लिहिणाऱ्या मुलाला नेमकं तेच लागतं.

एका तासाला तीन प्रश्न पुरेत: एक आजचा, एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला. जुने प्रश्न कशासाठी, याला आधार आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. हे प्रयोगातले मोठे विद्यार्थी आणि आपली चौथीची मुलं यांत अंतर आहे, हे मान्य. पण मागच्या आठवड्यातला प्रश्न पाटीवर विचारत राहिलं, की दिवाळीनंतर भागाकार पहिल्यापासून शिकवावा लागत नाही, एवढं मला दिसलंय.

सामानाचं थोडक्यात. दगडी पाटी फुटते, आणि पेन्सिल खाणारी मुलं दरवर्षी निघतात. प्लॅस्टिकच्या काळ्या पाटीवर खडूचं अक्षर मागून दिसतं, पण धूळ होते. ए-फोर आकाराचा पांढरा पुठ्ठा लॅमिनेट करून त्यावर व्हाइटबोर्ड मार्कर वापरला, की अक्षर शेवटच्या रांगेतूनही वाचता येतं. मार्करचं टोपण उघडं राहिलं की तो वाळतो, म्हणून मार्कर दोघांत एक आणि टोपण लावूनच पुढे द्यायचा. दुसऱ्या दिवसापर्यंत न पुसलेलं अक्षर चिकटून बसतं, तेव्हा तास संपायच्या आत फडकं फिरलं पाहिजे. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात खडूची पाटी ओलसर राहते आणि अक्षर उमटत नाही. तिथे लॅमिनेट केलेला पुठ्ठाच बरा. अंक तळहाताएवढा काढायचा, ही सवय पहिल्या दिवशीच लावावी. शेजारच्याचं बघून लिहिण्यावर ओरडून उपयोग होत नाही. एकाआड एक मुलाला वेगळ्या संख्या द्याव्यात: डावीकडच्याला ५०३ − २६७, उजवीकडच्याला ६०४ − ३५८. उत्तरं २३६ आणि २४६. दुसऱ्याचं बरोबर उत्तर हेच पहिल्याचं चुकीचं उत्तर आहे, त्यामुळे बघून लिहिलेलं असू शकतं हे ध्यानात राहतं, पण मूल स्वतः चुकलं की बघून चुकलं, ते मात्र कळत नाही. म्हणून अशी जोडी टाळून उजवीकडे ७०२ − ४३८ घ्यावं. त्याचं उत्तर २६४.

आपल्या भागात पाटीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की कराड-वाळव्याकडच्या शाळांत बीडकडून आलेली मुलं बसू लागतात, आणि माण, जतकडची काही मुलं आई-वडिलांबरोबर बाहेर पडतात. मध्येच आलेल्या मुलाकडे जूनपासूनची वही नसते. वहीवर चालणाऱ्या वर्गात ते पहिल्याच दिवशी मागे पडतं. पाटी मात्र त्याच्या हातात त्याच क्षणी येते, आणि त्याला काय येतं हे शिक्षकाला दोन-तीन दिवसांत कळतं.

पाटीची खरी उणीव म्हणजे पुसलं की पुरावा संपला. यावर हजेरीपटाची झेरॉक्स कामाला येते. फक्त चुकलेल्यांच्या नावापुढे चूक कोणती, याची खूण करायची: 'उ' म्हणजे उलटी वजाबाकी, 'शू' म्हणजे शून्यापाशी अडलं, 'मां' म्हणजे मांडणी चुकली. तासाला एक मिनिट लागतं. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने तिसरी-चौथीला आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे शिकणं चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाचा, भार ६० टक्के ठेवला, त्यात दैनंदिन निरीक्षण हे एक साधन आहे. या खुणांवरून वर्णनात्मक नोंदी लिहिल्या, तर 'गणितात रुची घेतो' असल्या सर्वांना लागू पडणाऱ्या वाक्याऐवजी 'शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी करताना अडखळत होता, सप्टेंबरपासून जमते' असं लिहिता येतं. तपासायला आलेले अधिकारी असा कागद लक्ष देऊन वाचतात, असा माझा अनुभव आहे.

वही सोडा, असं माझं म्हणणं नाही. तिचं काम बदलावं. गृहपाठ आजच्या भागाचा न देता, पाटीवर दोन-तीन दिवस बरोबर येऊ लागलेल्या भागाचा द्यावा, आणि दहाऐवजी चारच गणितं. रोज सगळ्या वह्या न घेता सात-आठ घ्याव्यात, म्हणजे आठवड्यात वर्ग पूर्ण होतो. चुकीवर फुली मारण्यापेक्षा ज्या ओळीत चूक आहे तिच्या समासात फक्त एक टिंब द्यावं आणि शोधायला मुलालाच सांगावं. दहापैकी गुण वहीत लिहूच नयेत. रूथ बटलर या संशोधकांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं, आणि शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा ती सुधारणा राहिली नाही.

शाब्दिक उदाहरणं, भूमिती आणि शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी यांत मी अजूनही वहीलाच झुकतं माप देईन. माध्यमिकला पन्नास-साठचा वर्ग असेल, तर सगळ्या पाट्या एका नजरेत वाचणं कठीण जातं. तिथे एकेक रांग वर करायला लावावी किंवा उत्तराचे चार पर्याय देऊन फक्त क्रमांक मागावा. पण तिसरी ते सहावीला, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला एकच निवडायचं असेल, तर पाटी घ्या असं सुचवेन. पहिल्या आठवड्यात गणित नवं न घेता रोज एकच सोपा प्रश्न ठेवावा आणि फक्त पालथी पाटी, "दाखवा"ची खूण आणि मोठा अंक एवढंच पक्कं करून घ्यावं. तीन प्रश्न दुसऱ्या आठवड्यापासून. त्याच सुमारास पालक सभा होते; तिथे टिंबाची पद्धत एका वहीतून दाखवून ठेवावी, म्हणजे लाल पेन कमी दिसल्यावर कुणी नाराज होत नाही.